आखूड सावलीचं ऊन

माझी मावशी जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या पुढे, शेतातल्या घरात राहते. वय एकाहत्तर. गेल्या पौषात सकाळी धारेला गेली आणि गोठ्याच्या उंबऱ्याशी तिचा पाय सरकला. उंचावरून वगैरे नव्हे, बसल्यासारखीच पडली, पण उठता येईना. खुबा मोडला होता. शस्त्रक्रिया झाली. रक्ताच्या तपासणीच्या कागदावर एक आकडा होता : ड जीवनसत्त्व, दर मिलिलिटरला ९ नॅनोग्रॅम. हा आकडा २० च्या खाली गेला की डॉक्टर त्याला कमतरता म्हणतात.

डॉक्टर म्हणाले, "आजी, उन्हात बसत जा."

मावशीला ते लागलं. "अवो, रोज सकाळी कोवळ्या उन्हातच बसते की मी! आन् सारा जल्म उन्हातच गेला माझा."

तिचं काहीच खोटं नव्हतं. चाळीस वर्षं तिनं कांदे काढले, टोमॅटो तोडले, बाजरी राखली. आताही रोज सकाळी सात-साडेसातला ओट्यावर पोतं टाकून ती उन्हाला पाठ देऊन बसते. मग इतकं ऊन गेलं कुठं? हाडं का भुसभुशीत झाली? आणि उन्हाचा हाडांशी संबंध तरी काय? हे समजून घ्यायचं तर आधी हाड म्हणजे काय ते पाहायला हवं.

हाड म्हणजे लिंपलेली भिंत

आपल्याकडच्या जुन्या मातीच्या भिंती आठवा. नुसत्या मातीची भिंत वाळली की तडकते, म्हणून मातीत भुसा कालवून, पायांनी तुडवून चिखल करतात. माती भिंतीला कडकपणा देते आणि भुसा तिला धरून ठेवतो. हाडही तसंच असतं. त्यातली माती म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे बारीक स्फटिक. भुसा म्हणजे कोलाजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू.

हे घरी करून पाहता येतं. कोंबडीच्या तंगडीचं हाड चार-पाच दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं की त्यातली माती विरघळते आणि हाड रबरासारखं वाकतं. दुसरं हाड चुलीच्या निखाऱ्यात नीट जाळलं की भुसा जळून जातो. हाडाचा आकार तसाच राहतो, पण चिमटीत धरलं की चुरा होतो. पहिलं हाड कॅल्शियम गमावलेलं, दुसरं प्रथिन गमावलेलं. शाळेत मुलांना हा प्रयोग जरूर दाखवावा.

आणखी एका बाबतीत हाड भिंतीसारखं आहे. भिंतीला दसऱ्याच्या आधी खरवडून नवा गिलावा देतात, सारवतात. हाडाचंही हे काम चालूच असतं, फक्त सणाची वाट न पाहता वर्षभर, रोज, लाखो ठिकाणी. एक टोळी खरवडणाऱ्या पेशींची; वैद्यकात त्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. त्या जुनं, थकलेलं हाड विरघळवून खड्डा करतात. मागून लिंपणाऱ्या पेशी येतात, त्यांचं नाव ऑस्टिओब्लास्ट. त्या खड्ड्यात आधी कोलाजेनचा भुसा पसरतात आणि मग त्यावर कॅल्शियम बसतं. खरवडायला दोन-तीन आठवडे पुरतात, पण लिंपायला तीन-चार महिने लागतात. मोडणं लवकर आणि बांधणं सावकाश, हे घराच्या कामात आपण पाहतोच. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग असा दरवर्षी नवा होतो.

पंचविशी-तिशीपर्यंत लिंपणारे पुढे असतात आणि हाडांचा साठा वाढत जातो. नंतर काही वर्षं बरोबरी चालते. पुढे खरवडणं वरचढ होतं. भिंत आतून पातळ होते, तिला भोकं पडतात. हा झाला हाडांचा ठिसूळपणा, अस्थिसुषिरता. भुसा आहे पण त्यावर माती नीट बसलीच नाही, तर हाड मऊ राहतं, दुखतं, वाकतं. याला अस्थिमार्दव म्हणतात, आणि लहान मुलांत हेच झालं तर मुडदूस. म्हाताऱ्या माणसात हे दोन्ही विकार अनेकदा एकत्र नांदतात. माझ्या मावशीच्या हाडात बहुधा तसंच झालं असावं.

रक्त हाडाकडून उसनं घेतं

कॅल्शियम हाडांसाठी असतं एवढंच आपण शाळेत शिकलो. पण हृदय आकुंचन पावतं, स्नायू हलतो, जखमेवर रक्त गोठतं, ते सगळं रक्तातल्या चिमूटभर कॅल्शियमवर. शरीरात एकूण किलोभर कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेला एक टक्का इतका मोलाचा, की रक्तातली त्याची पातळी जराही ढळू द्यायची नाही असा शरीराचा नियम आहे.

ही पातळी राखायला गळ्यात थायरॉइडच्या मागे चार ग्रंथी चिकटलेल्या असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या. रक्तात कॅल्शियम घटलं की त्या एक संप्रेरक सोडतात, आणि ते जाऊन खरवडणाऱ्यांना कामाला लावतं : काढा हाडातून, द्या रक्ताला. घरात अडचण आली की कणगीतलं धान्य विकावं, तसं हे. एखाद्या वेळी विकलं तर काही बिघडत नाही, पुढच्या सुगीला भरून निघतं. पण दर आठवड्याला विकायची वेळ आली, आणि कणगीत नवं धान्य पडतच नसलं, तर? हाड आतून रिकामं होत असताना दुखत नाही, रक्ताच्या कागदावर कॅल्शियमचा आकडाही व्यवस्थित दिसतो, कारण तो व्यवस्थित ठेवण्यासाठीच तर हाड खर्ची पडलेलं असतं. पहिली खूण दिसते ती हाड मोडल्यावर.

ड जीवनसत्त्व दारावर काय करतं

"रोज दूध पिते, तरी कॅल्शियम कमी कसं?" हा प्रश्न मी मंचरच्या आठवडी बाजारात आणि पुण्याच्या सोसायटीत सारखाच ऐकला आहे. उत्तर आतड्यात आहे. दुधातलं कॅल्शियम आतड्यापर्यंत पोचलं म्हणजे रक्तात पोचलं असं होत नाही. आतड्याच्या भिंतीतून त्याला पलीकडे नेणारी प्रथिनं असतात, हमालांसारखी. ते हमाल तयार ठेवण्याचं काम ड जीवनसत्त्वाचं. ड पुरेसं असेल तर खाल्लेल्या १०० भाग कॅल्शियमपैकी ३० ते ४० भाग आत येतं. ड नसेल तर जेमतेम १० ते १५. बाकीचं मालाच्या गाडीसारखं दारावरून पुढे निघून जातं. म्हणजे हाडाची माती ती कॅल्शियमच, ड जीवनसत्त्व ती घरात आणून देतं.

हे जीवनसत्त्व जेवणातून फार थोडं मिळतं : अंड्याच्या बलकातून, तेलकट माशांतून. शाकाहारी ताटात जवळजवळ नाहीच. दुधाच्या पिशवीवर निळं 'प्लस एफ' असं चिन्ह असेल तर त्यात अ आणि ड मुद्दाम घातलेलं असतं. पण शरीराचा मुख्य पुरवठा त्वचेतून होतो. त्वचेत कोलेस्टेरॉलचा एक भाऊबंद असतो. त्यावर उन्हातले ठरावीक अतिनील किरण पडले की त्याचं ड बनतं. मग यकृत त्याला थोडं बदलतं, मूत्रपिंड आणखी बदलतं, आणि तेव्हा कुठं ते कामाला लागतं. यकृत किंवा मूत्रपिंड अधू असलेल्या माणसाला नुसत्या उन्हानं भागत नाही, ते यामुळे.

आता मावशीच्या तक्रारीकडे वळू.

कोवळं ऊन अंगाला बरं, पण...

सूर्याच्या किरणांत ड बनवणारा जो भाग असतो त्याला बी प्रकारचे अतिनील किरण म्हणतात. हवेच्या वरच्या थरातला ओझोन हे किरण मोठ्या प्रमाणात शोषून घेतो. सूर्य डोक्यावर असतो तेव्हा किरण या थरातून सरळ, कमी अंतर कापून खाली येतात आणि त्यांतले काही जमिनीपर्यंत पोचतात. सकाळी सूर्य क्षितिजालगत असताना तेच किरण तिरपे येतात. शेत आडव्या बांधाने ओलांडायचं की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं, तसा हा फरक. वाट लांबते आणि बी किरण वाटेतच गळून जातात. खाली येते ती ऊब आणि उजेड.

म्हणून कोवळं ऊन ऊब देतं, सांधे मोकळे करतं, मन प्रसन्न करतं. ड मात्र जवळजवळ देत नाही. वडीलधाऱ्यांनी सांगितलेली ही गोष्ट मोडून काढताना मला वाईट वाटतं, पण कितीतरी आयाबाया आणि तान्ही मुलं हाडं बळकट व्हावीत म्हणून सकाळी सातच्या उन्हात बसतात आणि त्यांना हवं ते मिळत नाही, याचं जास्त वाईट वाटतं. खिडकीच्या काचेआडून येणारं ऊनही या कामाचं नाही. काच बी किरण अडवते.

मग ड देणारं ऊन ओळखायचं कसं? सावली पाहा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य पुरेसा वर आहे. सावली लांब असेल तर नाही. ही सीमारेषा काटेकोर नाही, पण अंदाजाला पक्की. जुन्नरचं अक्षांश सुमारे १९.२ अंश धरून मी वर्षाचा हिशेब केला. आपल्या भागाचं भाग्य असं, की डिसेंबरातल्या सर्वांत आखूड दिवशीही दुपारी सावली आपल्यापेक्षा किंचित लहान होते. लंडन-ग्लासगोकडे हिवाळ्यात काही महिने ती वेळ येतच नाही.

चौकट : जुन्नर-आंबेगावचं सावलीचं घड्याळ
डिसेंबरअखेर – साधारण साडेअकरा ते दीड.
ऑक्टोबर – साधारण दहा ते पावणेतीन.
मेचा मध्य – साधारण साडेनऊ ते साडेतीन. याच सुमारास भर दुपारी सावली पायाखाली जाते, तो आपला शून्य सावलीचा दिवस.
आषाढ-श्रावण – सूर्य वर असतो, पण ढग बराच भाग अडवतात.
हात, पाय, पाठ उघडी ठेवून आठवड्यातून तीन-चार वेळा वीस-तीस मिनिटं. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. उन्हाळ्यात भर दुपारी बसू नका, दहाच्या आसपासचं ऊन पुरतं.

आता तिच्या तक्रारीचा दुसरा भाग : सारा जन्म उन्हात. नारायणगावच्या बाजाराला जाणारा टोमॅटो तोडणाऱ्या बायका पाहा. नऊवारी किंवा पातळ, त्यावर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला टॉवेल, कधी हातमोजे. ऊन लागू नये, पानांनी अंग खाजू नये, फवाऱ्याचं औषध लागू नये म्हणून हे सगळं करावंच लागतं. उन्हात दिवसभर राहूनही उघडी राहते ती डोळ्यांभोवतीची पट्टी आणि बोटं. शिवाय ड हे जन्मभराची पुंजी म्हणून साठत नाही. रक्तातला साठा दोन-तीन आठवड्यांत निम्मा होतो. चाळिशीत घेतलेलं ऊन सत्तरीत कामी येत नाही. आणि सत्तरीची त्वचा विशीतल्या त्वचेच्या जेमतेम पाव हिश्श्याएवढंच ड बनवते. मावशी शेतातून ओसरीवर आली तेव्हाच नेमकी तिला उन्हाची जास्त गरज होती.

शंभर वर्षांपूर्वीचं नाशिक

हे कोडं आपल्या मुलखात पहिल्यांदाच पडलेलं नाही. पुणे-नाशिक रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला, नाशिक शहरात, १९२० च्या आसपास हचिसन नावाचे डॉक्टर काम करत होते. १९२१ साली त्यांनी पी. टी. पटेल यांच्यासह नाशिकमधल्या अस्थिमार्दवावर, आणि १९२२ साली एस. जे. शाह यांच्यासह मुडदुसावर लेख प्रसिद्ध केले. त्यांना जे दिसलं ते त्या काळच्या समजुतीच्या उलट होतं. मुडदूस हा उपासमारीचा, गरिबीचा आजार असं मानलं जाई. नाशिकमध्ये तो सापडला पडदा पाळणाऱ्या सधन घरांत, जिथं जेवणाखाण्याची ददात नव्हती. बायका घराबाहेर पडत नसत आणि तान्ही मुलं आईबरोबर अंधाऱ्या खोलीत असत. उलट ज्यांचं ताट रोज अपुरं होतं, पण ज्या उन्हात मजुरी करत आणि पोरांना झोळीत घालून बरोबर नेत, त्या घरांत हा आजार जवळपास नव्हता.

याच वर्षांत पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हिएन्नात संशोधक हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी दाखवत होत्या की मुडदूस झालेली मुलं कॉड माशाच्या यकृताच्या तेलानंही बरी होतात आणि उन्हानंही. एकच आजार आणि त्यावर दोन इतके वेगळे उपाय, हे कसं? पुढे कळलं की दोन्हींतून मिळणारी वस्तू एकच. संशोधक मॅकॉलम यांनी १९२२ साली तिला जीवनसत्त्वांच्या ओळीतलं पुढचं अक्षर दिलं, ड. नाशिकच्या त्या अंधाऱ्या खोल्यांचा मला नेहमी विचार येतो. आज पडदा नाही, पण दिवसभर काचेआड बसणारी कार्यालयं आहेत, आणि बाल्कनीत कोवळं ऊन घेऊन समाधान मानणारे आपण आहोत.

'क' आणि 'के' : दोन वेगळी माणसं

मराठीत इथं हमखास घोटाळा होतो. आपण ज्याला क म्हणतो ते आवळ्या-लिंबातलं जीवनसत्त्व इंग्रजीतलं 'सी'. इंग्रजीतलं 'के' आपण के असंच लिहितो. औषधाच्या दुकानात जाताना हे ध्यानात ठेवा.

क चं काम भुशाकडचं. कोलाजेनचा तंतू म्हणजे तीन पदरांचा दोर. अंबाडीचा दोर वळताना पीळ बसला नाही की तो लगेच उलगडतो. तसा कोलाजेनला पीळ पक्का बसवायला क लागतं. पूर्वीच्या खलाशांना महिनोन् महिने ताजी फळं मिळत नसत, तेव्हा त्यांच्या हिरड्यांतून रक्त येई, जुन्या जखमा उकलत. तो हाच सुटलेला पीळ. आपल्याला हे अवघड नाही. हिवाळ्यात एखादा आवळा, पेरू, उन्हाळ्यात करवंदं, जेवताना लिंबाची फोड. फक्त शिजवताना क बरंच नष्ट होतं, म्हणून लिंबू पिळायचं ते आमटी ताटात वाढल्यावर.

के ची गोष्ट जरा वेगळी. डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी १९२९ पासून कोंबडीच्या पिलांना स्निग्ध पदार्थ काढून टाकलेलं खाणं दिलं, तर पिलांना रक्तस्राव होऊ लागला. रक्त गोठवायला काहीतरी लागतं हे त्यावरून कळलं, आणि गोठण्याच्या त्यांच्या भाषेतल्या शब्दाचं पहिलं अक्षर या जीवनसत्त्वाला मिळालं. हाडातलं त्याचं काम बऱ्याच नंतर समजलं. लिंपणाऱ्या पेशी ऑस्टिओकॅल्सिन नावाचं एक प्रथिन तयार करतात, पण ते तयार होतं तेव्हा त्याला कॅल्शियम पकडायचे आकडे नसतात. के हे आकडे बसवतं. विहिरीत पडलेली बादली काढायला दोराला गळ लावतात, तसं. गळ नसला तर दोर पाण्यात फिरतो आणि रिकामा वर येतो.

के मिळतं हिरव्या पालेभाज्यांतून. ते तेलात विरघळतं, म्हणून भाजीला तेलाची फोडणी हवीच. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सगळंच उकडून खाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. के च्या गोळ्यांनी हाडं मोडणं थांबतं का, यावर मात्र एकमत नाही. जपानमध्ये के२ हाडांच्या ठिसूळपणावर औषध म्हणून देतात. इतर देशांतल्या काही चाचण्यांत के नं हाडाची घनता वाढल्याचं दिसलं नाही. भाजीची गोष्ट वेगळी, तिच्यात के बरोबर आणखी पुष्कळ काही असतं. एक इशारा महत्त्वाचा : वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमरोल यांसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर के ची गोळी मनानं घेऊ नका, आणि पालेभाजीचं प्रमाणही डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम वाढवू किंवा कमी करू नका. या गोळ्या के च्याच विरुद्ध काम करतात.

ताटातली माती

हमाल आले, गळ आले, पण मालच नसेल तर काय उपयोग? भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, पाळी गेलेल्या बाईला १२००. पेलाभर दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम मिळतं. मंचर-अवसरीच्या पट्ट्यातून रोज टँकर भरून दूध जातं, आणि ज्या घरातून ते जातं त्या घरातली बाई बिनदुधाचा चहा पिते, हे मी पाहिलेलं आहे.

दुधाखेरीज? पश्चिमेकडच्या डोंगरात, डिंभे धरणाच्या वर आणि भीमाशंकरच्या अंगाला, महादेव कोळी कुटुंबं उतारावर नाचणी आणि वरई करतात. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं; तांदळात त्याच्या मानानं नगण्य. सालीसकट तिळाच्या १० ग्रॅममध्ये शंभराहून जास्त. भोगीला आपण बाजरीच्या भाकरीला दोन्ही बाजूंनी तीळ थापतो. ती भाकरी वर्षातून एकदाच का करायची? शेवग्याचा पाला बांधावर फुकट असतो आणि शेंगा तोडून पाला शेळ्यांना घालतात. सुकट, जवळा खाणाऱ्यांना काट्यासकट मासा मिळतो, म्हणजे कॅल्शियमच.

धान्यात फायटेट आणि पालकासारख्या भाजीत ऑक्झलेट असतं. दोन्ही कॅल्शियमला जखडून ठेवतात. नाचणीला मोड आणून दळली किंवा आंबवून आंबील केली की फायटेट कमी होतं. पालक जरूर खा, पण कॅल्शियमसाठी मेथी आणि शेवगा बरे.

गोळी किती आणि कोणाला

औषधाच्या दुकानात ड ची ६०,००० एककांची पुडी सहज मिळते. तिनं हाडं वाचतात का? उत्तर "कोणाची?" यावर आहे.

१९९२ साली फ्रान्समध्ये वृद्धाश्रमांत राहणाऱ्या ३,२७० म्हाताऱ्या बायकांची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ड ची ८०० एककं दिली. दीड वर्षात खुबा मोडण्याचं प्रमाण त्यांच्यात ४३ टक्क्यांनी कमी राहिलं. या बायकांचं ड आधीच कमी होतं. तीस वर्षांनी, २०२२ साली, अमेरिकेतल्या २५,८७१ लोकांच्या चाचणीचा निष्कर्ष आला. हे लोक एकंदरीत धडधाकट होते आणि बहुतेकांचं ड ठीक होतं. पाच वर्षं रोज २००० एककं घेऊनही त्यांच्यात हाडं मोडण्याचं प्रमाण कमी झालं नाही. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. कोरड्या रानाला पाणी दिलं की पीक उभं राहतं. भिजलेल्या रानाला आणखी दिलं तर काही मिळत नाही.

उलट जास्त पाण्यानं मूळ कुजतं. ऑस्ट्रेलियात म्हाताऱ्या बायकांना वर्षातून एकदाच पाच लाख एककांचा डोस दिला, तर त्यांचं पडणं आणि हाडं मोडणं वाढलं. २०१० साली ते प्रसिद्ध झालं. आठवड्याची पुडी रोज घेणं ही तर आपल्याकडे सर्रास होणारी चूक. त्वचा उन्हानं जास्तीचं ड स्वतःच मोडून टाकते, म्हणून उन्हानं ड चं विष होत नाही. गोळीनं होतं. रक्तात कॅल्शियम वाढतं, मळमळ, बद्धकोष्ठ, आणि पुढे मूत्रपिंडाला इजा. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्याही वर्षानुवर्षं मोठ्या मात्रेत घेतल्या तर हाडांना घातक ठरू शकतात.

मावशीला आठ आठवडे आठवड्याला एक पुडी दिली होती, कॅलेंडरवर खूण करून. ते बरोबर होतं. तिला नुसतं ऊन पुरलं नसतं.

बाईच्या हाडाचं वेगळं दुखणं

पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन हे संप्रेरक खरवडणाऱ्या टोळीवर लगाम ठेवतं. पाळी गेली की लगाम सुटतो. त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत काहींच्या हाडाचा वीस टक्क्यांपर्यंत भाग जातो. कुठलंही जीवनसत्त्व हा लगाम परत लावू शकत नाही. जीवनसत्त्वं लिंपणाऱ्यांना माल पुरवतात, इतकंच. म्हणून पन्नाशीनंतर ज्या बाईची उंची कमी झाली, पाठीला बाक आला, किंवा किरकोळ पडण्यानं मनगट मोडलं, तिनं हाडाच्या घनतेची डेक्सा तपासणी करावी. गरज असेल तर खरवडणं थांबवणारी खरी औषधं आहेत.

दर हिवाळ्यात आपल्याकडच्या उसात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. त्यांतल्या बायकांविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात आला आणि सरकारनं चौकशी समिती नेमली. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात थांबतं. तिशीतल्या बाईच्या हाडाला त्या दिवसापासून सत्तरीची वाट लागते, आणि तिच्या डोक्यावर तर उसाची मोळी असते. पिशवी काढलेल्या प्रत्येक बाईला डॉक्टरांनी हाडांबद्दल सांगायलाच हवं.

आईच्या पोटातलं हाड

हाडाची कणगी भरायला सुरुवात होते ती जन्माच्याही आधी. याचा पुरावा आपल्या पुणे जिल्ह्यात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकारानं १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास सुरू झाला. बायका काय खातात, किती काम करतात, रक्तात काय आहे, हे सगळं नोंदवलं गेलं. सुमारे दोन तृतीयांश बायकांत ब१२ कमी होतं. ते फक्त प्राणिज अन्नात मिळतं, आणि दूधही पोटात जात नसेल तर येणार कुठून? ब१२ आणि हाडं यांचा संबंध सुचवणारे अभ्यास आहेत, पण ब१२ च्या गोळीनं हाडं मोडणं थांबल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही.

मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांची आणि आईवडिलांची डेक्सा तपासणी झाली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दिसलं, की ज्या आयांनी गरोदरपणात दूध, डाळी, पालेभाज्या, फळं, मांसाहार असं कॅल्शियम देणारं अन्न जास्त वेळा खाल्लं होतं, त्यांच्या मुलांची हाडं जास्त भरलेली होती. सातव्या महिन्याच्या सुमारास ज्यांच्या रक्तात फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांचीही. फोलेट हेही ब गटातलं जीवनसत्त्व, पालेभाजीतून येणारं. आईबापांच्या हाडांचा आणि उंचीचा वाटा वजा केल्यावरही हा फरक उरला. गरोदर बाईच्या पानात पडलेली मेथीची भाजी सहा वर्षांनी तिच्या मुलाच्या पाठीच्या कण्यात दिसावी, हे मला कुठल्याही चमत्कारापेक्षा मोठं वाटतं.

दुसरी मोठी भर पडते वयात येताना. उंची सर्वांत वेगानं वाढते त्या दोन वर्षांच्या आसपास प्रौढ सांगाड्याच्या खनिजाचा सुमारे पाव भाग बसतो. मुलींत ही वर्षं साधारण अकरा ते तेरा. याच वयात आपण मुलींना "उन्हात काळी होशील" म्हणून मैदानावरून घरात बोलावतो आणि दुधाचा पेला भावाच्या हातात देतो.

त्या सहा खेड्यांतली, १९९४ च्या सुमारास जन्मलेली मुलं आता तिशीच्या आसपास आहेत. हाडांची कणगी याच वयात काठोकाठ भरलेली असते. त्यांच्यातल्या कित्येक मुलींच्या पदरात आता स्वतःची लेकरं आहेत.